रेटिनॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेटिनॉलबद्दल मला प्रश्न येतात ते दोनच वेळी. एक, ट्यूब घ्यायच्या आदल्या दिवशी. दोन, चेहरा सोलवटून निघाल्यावर. मधले तीन-चार आठवडे कोणी काही विचारत नाही, आणि घोळ होतो तो नेमका तेव्हाच. मी डॉक्टर नाही. गेली आठ वर्षं रेटिनॉल वापरते आहे, त्याबद्दल सतत वाचते आहे, आणि घरच्या-दारच्या बऱ्याच जणींना सुरुवात करून दिली आहे. त्यातून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

रेटिनॉल म्हणजे नेमकं काय?

अ जीवनसत्त्वाचं एक रूप, सुरकुत्या, डाग आणि मुरुमांसाठी क्रीममधून चेहऱ्याला लावलं जाणारं. पण गंमत अशी की आपल्या त्वचेच्या पेशींना रेटिनॉल थेट वापरता येत नाही. त्यांना हवं असतं रेटिनॉइक आम्ल. त्वचेतली विकरं (एन्झाइम) रेटिनॉलचं आधी रेटिनाल्डिहाइड करतात आणि मग रेटिनॉइक आम्ल. दोन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थोडा माल गळतो. म्हणून रेटिनॉल सौम्य असतं आणि म्हणूनच ते हळू चालतं.

डब्यावर 'रेटिनिल पामिटेट' लिहिलेलं असेल तर ते आणखी एक पायरी मागे आहे. 'रेटिनाल' किंवा 'रेटिनाल्डिहाइड' असेल तर एक पायरी पुढे. नावात एका अक्षराचा फरक दिसतो, पण जोरात बराच फरक पडतो. घेताना नीट वाचा.

मग रेटिनॉइड, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन ही काय भानगड आहे?

रेटिनॉइड हे घराण्याचं नाव. बाकीचे सगळे त्या घरातले. ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक आम्लच, त्वचेला काही बदल करावा लागत नाही. त्यामुळे ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावायचं. अ‍ॅडापलीन हे प्रयोगशाळेत बनवलेलं रेटिनॉइड, मुख्यतः मुरुमांसाठी. अमेरिकेत २०१६ पासून ०.१ टक्क्याचं अ‍ॅडापलीन चिठ्ठीशिवाय मिळतं. टॅझारोटीन या सगळ्यांत जहाल.

या घराण्याचा इतिहास थोडा सांगते, कारण आजचा वापर त्यातूनच आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवर ट्रेटिनॉइन लावण्याबद्दल लिहिलं. १९७१ मध्ये तिथे त्याला मुरुमांचं औषध म्हणून मान्यता मिळाली. मग वयाने मोठे असलेले रुग्ण सांगू लागले की मुरुमं तर गेलीच, पण चेहराही गुळगुळीत झाला. उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा क्लिगमन यांचा अभ्यास १९८६ मध्ये आला. हेच क्लिगमन होल्म्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. त्याबद्दल विद्यापीठाने २०२१ मध्ये माफी मागितली. हा भाग वगळून या औषधाचं कौतुक करणं मला पटत नाही.

ते काम कसं करतं? वरची साल काढतं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. ग्लायकोलिक आम्लासारखी आम्लं वरच्या मेलेल्या पेशींची जोडणी सैल करतात. रेटिनॉल पेशीच्या आत जातं, आणि त्याचं झालेलं रेटिनॉइक आम्ल थेट केंद्रकापर्यंत पोचतं. तिथल्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून कोणती जनुकं चालू करायची आणि कोणती बंद, यात ते हात घालतं. परिणामी नव्या पेशी लवकर वर येतात, कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, जास्त तयार होतं, आणि कोलॅजन तोडणारी विकरं आवरली जातात. रंगद्रव्य एकाच जागी साचून न राहता विखुरतं. सुरुवातीला सालं निघतात तो या घाईचा दुष्परिणाम आहे, औषधाचा हेतू नव्हे.

मला स्वतःला पटवून गेलेला अभ्यास मिशिगन विद्यापीठाचा, २००७ चा. ३६ वृद्ध, सरासरी वय ८७. एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या दंडाला तसंच दिसणारं पण रेटिनॉल नसलेलं. २४ आठवड्यांनी रेटिनॉल लावलेल्या हातावरच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, म्हणजे ही नुसत्या वयाने थकलेली त्वचा. आणि तीही ८७ व्या वर्षी. 'आता माझं काय वय राहिलं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मावशीला मी हे सांगते.

सुरुवात किती टक्क्यांपासून करावी?

०.१ ते ०.३ टक्के. पहिली ट्यूब १ टक्क्याची घेऊ नका, कोणी कितीही शिफारस केली तरी.

युरोपियन युनियनने चेहऱ्याच्या आणि हाताच्या उत्पादनांत ०.३ टक्के आणि बॉडी लोशनमध्ये ०.०५ टक्के अशी मर्यादा घातली आहे. नव्या उत्पादनांना ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आधीच बाजारात असलेल्यांना मे २०२७ पर्यंत मुदत आहे. याचा अर्थ रेटिनॉल त्वचेला घातक ठरलं असा नाही. खाण्यातून, गोळ्यांतून आणि वर क्रीममधून असं सगळं मिळून शरीरात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर जाऊ नये, ही त्यामागची काळजी. पण त्यातून एक गोष्ट मनाशी ठेवायला हरकत नाही: ०.३ टक्के ही कमी मात्रा नाही. बऱ्याच जणींना आयुष्यभर तेवढी पुरते.

लावायचं कसं? अगदी सुरुवातीपासून सांगा.

रात्री. साध्या, कमी फेस येणाऱ्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या, आणि मग थांबा. चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं तरी. ओलसर त्वचेवर ते जास्त झोंबतं.

आता नाकपुड्यांच्या बाजूच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे, इथे आधी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. त्वचा तिथे दुमडलेली असते, क्रीम जाऊन साचतं आणि सकाळी नेमकं तिथेच लाल होतं. मग बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं रेटिनॉल. संपूर्ण चेहऱ्याला एवढंच. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे चार-पाच ठिपके द्या आणि ते बाहेरच्या दिशेने पसरवा. 'हे तर काहीच लागलं नाही' असं वाटलं की समजा प्रमाण बरोबर आहे. वरून मॉइश्चरायझर.

त्वचा नाजूक असेल तर क्रम बदला: आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. याला सँडविच म्हणतात. जोर थोडा कमी होतो, पण टिकून राहता येतं, आणि टिकून राहणं जास्त महत्त्वाचं. तेही सोसत नसेल तर अर्धा तास ठेवून धुऊन टाका आणि हळूहळू वेळ वाढवा.

पहिल्यांदा लावण्यापूर्वी कानामागे किंवा जबड्याच्या खाली थोडंसं लावून दोन-तीन रात्री बघा. कंटाळा करू नका.

रोज लावायचं की दिवसाआड?

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा. त्वचा शांत असेल तर दिवसाआड. त्यानंतर जमलं तर रोज, नाही जमलं तर दिवसाआडच पुढची दहा वर्षं. रोज लावलंच पाहिजे असा नियम नाही.

चेहऱ्याची आग होते, सालं निघतात. म्हणजे काम करतंय ना?

नाही. हे उत्तर मला मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं. आग होणं ही परिणामाची पावती नाही.

थोडा कोरडेपणा, नाकाजवळ किंवा हनुवटीवर बारीक सालं, किंचित गुलाबीपणा हे पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि त्वचा सरावली की जातं. पण साधं पाणी मारलं तरी चुणचुणतंय, रोजचं मॉइश्चरायझर झोंबतंय, चेहरा ताणल्यासारखा आणि विनाकारण चमकदार दिसतोय, तर त्वचेचं वरचं कवच फाटलं आहे. तिथून पुढे लावत राहिलात तर फायदा काही नाही.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या पहिल्या ट्यूबच्या वेळी चार-पाच दिवसांत काहीच झालं नाही, म्हणून मी रोज लावायला लागले, आणि वाटाण्याऐवजी बोटाचं अख्खं पेर भरून. नवव्या रात्री उशीला गाल टेकवता येईना. सकाळी वरच्या ओठावरची त्वचा पापुद्र्यासारखी सुटली होती, आणि मी ती नखाने ओढून काढली. तिथे आठवड्याभरात तपकिरी पट्टा उमटला, मिशीसारखा. रेटिनॉलने झालेली आग चार दिवसांत विझली, तो पट्टा जायला सात महिने लागले.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या माणसांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आपल्या त्वचेला कुठेही दाह झाला की ती तिथे रंगद्रव्य ओतते. डाग घालवायला आणलेलं क्रीम उतावीळपणे लावलं तर नवे डाग देऊन जातं. म्हणून मी सगळ्यांना हळू जायला सांगते. भित्रेपणा म्हणून नव्हे, या त्वचेचा स्वभावच तसा आहे म्हणून.

असं झालंच तर रेटिनॉल, आम्लं, स्क्रब, व्हिटॅमिन सी सगळं बंद. साधा फेसवॉश, सिरामाइड (त्वचेच्या कवचातला स्निग्ध घटक) असलेलं साधं मॉइश्चरायझर, रात्री वरून व्हॅसलीन, दिवसा सनस्क्रीन. सुटलेली सालं ओढायची नाहीत. दोन आठवडे पूर्ण शांत गेले की आठवड्यातून एकदा अशी पुन्हा सुरुवात. सूज, पाणी सुटणं किंवा फोड असतील तर घरी उपाय करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

लावायला लागल्यापासून मुरुमं वाढली. बंद करू का?

कुठे आली ते बघा. नेहमी जिथे येतात तिथेच, लहान लहान, आणि लवकर बसणारी असतील तर आत आधीच तयार होत असलेली मुरुमं एकदम वर आली आहेत. याला पर्जिंग म्हणतात, आणि ते साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरतं. पण आजवर कधी मुरूम न आलेल्या जागी पुरळ उठलं असेल आणि खाज असेल, तर ते पर्जिंग नाही. ती त्वचेची तक्रार आहे, किंवा त्या क्रीममधलं दुसरं काही तुम्हाला मानवत नाहीये. तेव्हा थांबायचं.

फरक कधी दिसेल?

हात फिरवल्यावर जाणवणारा गुळगुळीतपणा दोन-तीन महिन्यांत. डाग फिके व्हायला तीन ते सहा महिने. बारीक सुरकुत्यांना सहा महिने ते वर्ष. खोल सुरकुत्या आणि ओघळलेली त्वचा यांना रेटिनॉल पुरं पडत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

पहिल्या दिवशी एक फोटो काढून ठेवा. त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, मेकअपशिवाय. रोज आरशात बघून बदल कळत नाही आणि माणूस आठव्या आठवड्यात कंटाळून सोडून देतो, म्हणजे बरोबर फळ धरायच्या वेळी.

सनस्क्रीन नाही लावलं तर चालेल का?

नाही चालणार. निदान एसपीएफ ३०, रोज, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी. ते जमणार नसेल तर रेटिनॉल सुरूच करू नका. उन्हाने डाग होतात ते रात्री पुसायचे आणि दिवसा पुन्हा काढायचे, यात काही हाती लागत नाही. रात्री लावण्याचं आणखी एक कारण म्हणजे उजेडात रेटिनॉल स्वतःच खराब होतं.

व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, सॅलिसिलिक आम्ल यांच्यासोबत चालतं का?

नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) खुशाल, उलट ते त्वचेचं कवच सावरतं. हायलुरॉनिक आम्लही चालतं. व्हिटॅमिन सी सकाळी, रेटिनॉल रात्री. ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक यांपैकी काही लावत असाल तर रेटिनॉलची रात्र वेगळी आणि आम्लाची वेगळी, आणि पहिले दोन-तीन महिने आम्लं बंदच ठेवलेली बरी. बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच वेळी लावू नका, ते रेटिनॉल निकामी करू शकतं. सकाळी एक, रात्री एक असं करा.

खरं सांगायचं तर कपाटात सात बाटल्या असणाऱ्यांचेच चेहरे मी जास्त बिघडलेले पाहिले आहेत. रेटिनॉल असेल तर बाकी साधं ठेवा.

गरोदरपणात लावलं तर?

लावू नये. बाळाचा विचार सुरू केला असेल तेव्हापासूनच बंद करावं. तोंडाने घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंगं होतात हे पक्कं ठाऊक आहे. क्रीममधून रक्तात फार थोडं जातं, तरी या घराण्यातलं काहीही या काळात टाळायचं असाच सल्ला दिला जातो.

आणि दिवस गेल्याचं कळण्याआधी लावलं गेलं असेल तर घाबरून रात्र जागवू नका. नकळत ट्रेटिनॉइन क्रीम लावल्या गेलेल्या गर्भवतींच्या अभ्यासांत मोठा धोका दिसलेला नाही. त्या दिवसापासून बंद करा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असाल तर विचारूनच सुरू करा.

रेटिनॉलने त्वचा पातळ होते ना?

उलट. सगळ्यात वरचा मृत थर सुरुवातीला विरळ होतो, पण त्याखालची जिवंत त्वचा कालांतराने जाड होते. त्वचा पातळ करतात ती स्टेरॉइडची क्रीमं, आणि दोन्हींची गल्लत होण्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

वांगासाठी मला एक क्रीम मिळालंय, त्यात ट्रेटिनॉइन आहे. ते आणि हे एकच का?

ट्यूब उलटी करून घटक वाचा, आत्ता लगेच. त्यात ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं एखादं नाव असेल, तर ते तिघांचं मिश्रण आहे आणि तिसरं नाव स्टेरॉइडचं आहे. असं मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक आठवडे देतात आणि मग थांबवतात. पण एकीला गुण आला की ती ट्यूब बहिणीकडे जाते, तिथून वहिनीकडे, आणि गोरं करणारं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावली जाते. मग चेहऱ्यावर लाल शिरा, बारीक पुरळ, लव, आणि थांबवलं की भडकणारी आग. मी अशी एक ओळखीची मुलगी पाहिली आहे जी दिवाही सहन होत नाही म्हणायची, इतका चेहरा पेटायचा. दीर्घकाळ लावत असाल तर एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडा.

कोणत्या वयात सुरू करावं?

मुरुमं असतील तर डॉक्टर सांगतील तेव्हा, अगदी पौगंडावस्थेतही. सुरकुत्यांसाठी पंचविशी-तिशीनंतर कधीही. बारा-तेरा वर्षांच्या निरोगी त्वचेच्या मुलींना सुरकुत्या लांबवायला म्हणून हे देऊ नका. त्यांना सनस्क्रीन पुरे.

डोळ्यांखाली आणि मानेला लावता येतं?

मानेला येतं, पण तिथली त्वचा लवकर चिडते, म्हणून मॉइश्चरायझरमध्ये मिसळून आठवड्यातून एकदा. डोळ्यांखाली हाडाची कड हाताला लागते तिथपर्यंतच, पापणीवर नाही.

वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं असेल तर?

आधी आठवडाभर त्या भागावर रेटिनॉल बंद. चेहऱ्यावर वॅक्स तर रेटिनॉल चालू असताना मुळीच नको, केसांबरोबर कातडीही निघते. पार्लरमध्ये बसण्याआधी स्वतःहून सांगा, त्या विचारतीलच असं नाही.

बाकूचिओल हे रेटिनॉलइतकंच चांगलं आहे का?

बाकूचिओल मिळतं बावचीच्या बियांतून. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ जणांनी १२ आठवडे एक तर ०.५ टक्के बाकूचिओल दिवसातून दोनदा किंवा ०.५ टक्के रेटिनॉल एकदा लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले, आणि सालं व चुणचुण रेटिनॉलवाल्यांना जास्त झाली. ऐकायला फार छान आहे. पण अभ्यास लहान आहे, आणि रेटिनॉइडच्या पाठीशी पन्नास वर्षांचं काम आहे. ज्यांना रेटिनॉल कशानेच सोसत नाही त्यांनी जरूर वापरून बघावं. मात्र बावचीची पूड किंवा तेल घरी चेहऱ्याला चोळू नका. त्यातल्या सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे उन्हात गेल्यावर त्वचा भाजते.

मधेच सोडलं तर चेहरा आधीपेक्षा वाईट होतो का?

नाही. जे कमावलं ते हळूहळू ओसरतं, एवढंच. प्रवासात आठ दिवस चुकलं तर काही बिघडत नाही. महिन्याभराचा खंड पडला असेल तर मात्र पुन्हा आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात करा, जुन्या जोमाने नाही.

उघडलेली ट्यूब किती दिवस चालते?

साधारण सहा महिने, किंवा वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात जो आकडा असेल तो. हवा, उजेड आणि उष्णता हे तिन्ही रेटिनॉलचे वैरी. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न जाऊ देणारा पंप घ्या. पारदर्शक ड्रॉपरची बाटली किंवा बोट बुडवायची डबी नको. बाथरूममध्ये वाफेत ठेवू नका, कपाटात ठेवा. ताजं रेटिनॉल फिकट पिवळं असतं, तो रंग बघून घाबरू नका. ते गडद पिवळं किंवा तपकिरी झालं, किंवा वास बदलला, की अर्धी ट्यूब उरलेली असली तरी टाकून द्या.